जहाजाचे धड आणि डेकावरचे घर



मांडवीच्या काठावर किंवा वास्कोच्या किनाऱ्यावर उभा असलेला माणूस समोरून जाणारे जहाज पाहतो, तेव्हा त्याच्या नजरेत प्रथम भरते ते डेकावरचे पांढरे घर. कप्तान, खलाशी आणि सुकाणू धरणारा याच घरात वावरतात. त्याखालचे लांब, काळे किंवा तांबडे धड अर्धे पाण्यात बुडालेले असते, आणि त्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. पाहणाऱ्याची समजूत अशी होते की, टेबलावर पेटी ठेवावी तसे हे घर धडावर ठेवून दिलेले आहे; टेबल मजबूत असले की पेटीची चिंता नाही.

ही समजूत साहजिक असली तरी चुकीची आहे. जहाजाचे घर धडावर नुसते बसलेले नसते. धड वाकले की घरालाही वाकावे लागते. धड ताणले गेले की घराच्या भिंतींनाही तो ताण सोसावा लागतो. घर आणि धड यांच्यामधील ही देवाणघेवाण नीट न ओळखल्यामुळे मोठमोठ्या जहाजांना भेगा पडल्या आहेत, आणि ती ओळखल्यामुळे पुढच्या पिढ्यांची जहाजे अधिक सुरक्षित झाली आहेत. नौकाबांधणीच्या शास्त्रातील हा विषय वरवर पाहता क्लिष्ट वाटतो. परंतु त्याचे मर्म साकवावरून ओढा ओलांडणाऱ्या कोणालाही समजण्यासारखे आहे.

धड म्हणजे एक लांब तुळई

ओढ्यावर टाकलेल्या फळीच्या मधोमध माणूस उभा राहिला की फळीला झोळ पडतो. फळीचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा थर ताणला जातो. मध्ये एक थर असा असतो की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. शास्त्रात त्याला उदासीन अक्ष म्हणतात. या अक्षापासून जो भाग जितका दूर, तितका त्याच्यावरील ताण किंवा दाब अधिक.

समुद्रावरील जहाजाची स्थिती अशीच आहे. फरक एवढाच की त्याला आधार देणारे दोन काठ स्थिर नसून पाण्याच्या लाटा आहेत. लाटेचे शिखर जहाजाच्या मधोमध आले की मध्यभाग वर उचलला जातो, पुढचे व मागचे टोक खाली ओढले जाते आणि सारे धड कमानीसारखे वाकते. अशा वेळी डेक ताणला जातो व तळ दाबला जातो. काही क्षणांनी दोन शिखरे दोन्ही टोकांशी येतात व मध्ये दरी राहते. मग धडाला झोळ पडतो; डेक दाबला जातो व तळ ताणला जातो. जहाज चालू असेपर्यंत हा क्रम थांबत नाही. 20 वर्षांच्या आयुष्यात असे सुमारे दहा कोटी हेलकावे जहाजाला सोसावे लागतात, असे अभियंते हिशेबात धरतात.

जुन्या पद्धतीच्या गणितात जहाजाच्या लांबीएवढी लांब आणि त्या लांबीच्या विसाव्या भागाएवढी उंच लाट कल्पून जहाजाची ताकद तपासली जात असे. म्हणजे 100 मीटर लांबीच्या जहाजासाठी 5 मीटर उंचीची लाट. पुढे सागरी निरीक्षणांवरून अधिक सूक्ष्म सूत्रे तयार झाली; परंतु धड ही एक तुळई आहे, हा मूळ विचार आजही कायम आहे.

हा धोका केवळ पुस्तकातील नाही. 17 जून 2013 रोजी सिंगापूरहून जेद्दाहकडे निघालेले ‘एमओएल कम्फर्ट’ हे कंटेनरवाहू जहाज अरबी समुद्रात, येमेनच्या किनाऱ्यापासून दूर अंतरावर, मधोमध तुटले. जहाज 316 मीटर लांब होते आणि त्याचे वय अवघे पाच वर्षांचे होते. धड कमानीसारखे वाकत असता तळाचे पत्रे दाबाखाली चुरमडले आणि तुटणे तेथून सुरू झाले. जहाजावरील सर्व 26 माणसे वाचली; जहाजाचे दोन्ही तुकडे मात्र पुढे समुद्राच्या तळाशी गेले.

दोन फळ्यांचा धडा

आता धडावर घर बांधले म्हणजे काय होते ते पाहावे. यासाठी एक सोपे उदाहरण पुरेसे आहे. एकसारख्या दोन फळ्या एकमेकींवर नुसत्या ठेवल्या आणि वाकवल्या, तर त्या एकमेकींवरून घसरतात. दोघी मिळून एका फळीच्या दुप्पट ताठरपणा देतात, त्याहून अधिक नाही. त्याच दोन फळ्या चांगल्या सरसाने घट्ट जोडल्या, तर घसरणे थांबते, आणि जोडफळीचा ताठरपणा एका फळीच्या आठपट होतो. कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लाकूड तेवढेच. केवळ सांधा घट्ट केल्याने ताठरपणा दुपटीवरून आठपटीवर गेला.

यावरून कोणालाही वाटेल की, घर धडाला घट्ट जोडावे म्हणजे जहाज आपोआप बळकट होईल. हे अर्धे सत्य आहे. फळ्या घट्ट जोडल्यावर वरच्या फळीला फुकट बसता येत नाही. आपला वाटा तिला उचलावा लागतो. ती अक्षापासून सर्वांत दूर असल्याने तिच्या वरच्या कडेवर सर्वांत जास्त ताण येतो. घराच्या भिंती पातळ पत्र्याच्या असतात, त्यांत दारे आणि खिडक्या कापलेल्या असतात. धडाचा भार वाहण्यासाठी त्या बांधलेल्या नसतील, तर तो भार त्यांना पेलवत नाही.

आकडे घेतले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. डेकाच्या पोलादावर दर चौरस मिलिमीटरला 100 न्यूटन एवढे प्रतिबल आले, तर पोलाद आपल्या लांबीच्या सुमारे दोन हजाराव्या भागाने ताणले जाते. 60 मीटर लांबीच्या घराखालचा डेक त्यामुळे सुमारे 3 सेंटीमीटरने लांबतो, आणि पुढच्या लाटेला आखूड होतो. तीन सेंटीमीटर म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. परंतु दगडी भिंतीच्या पायाला कोणी दर आठ-दहा सेकंदांनी तीन सेंटीमीटर ओढून सोडले, तर त्या भिंतीचे काय होईल याची कल्पना कोणत्याही गवंड्याला करता येईल.

घर उलट्या दिशेने का वाकते

येथे या विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट येते. धड कमानीसारखे वाकले की घरही तसेच कमानीसारखे वाकेल, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात घर पुष्कळदा उलट्या दिशेने वाकू पाहते.

त्याचे कारण असे. धडाचा डेक ताणला गेला की तो घराच्या पायाला दोन्ही टोकांकडे ओढतो. ही ओढ घराच्या मध्यउंचीवर नसून अगदी खालच्या कडेला असते. त्यामुळे घराची खालची कड लांबते, वरची कड मागे राहते, आणि घर झोळ पडल्यासारखे वाकू लागते. खाली धडाची कमान आणि वर घराचा झोळ, असा विरोध निर्माण होतो. मग घराची दोन्ही टोके डेकापासून उचलू पाहतात आणि मधला भाग डेकावर दाबला जातो.

डेक खालून भक्कम असेल, तर तो घराची टोके धरून ठेवतो आणि घराला धडाबरोबर वाकायला लावतो. अशा वेळी घर भाराचा मोठा वाटा उचलते. डेकाखालच्या तुळया लवचीक असतील, तर घर आपल्या मनाप्रमाणे वाकते आणि थोडाच वाटा उचलते. म्हणजे घर आणि धड यांच्यामध्ये दोन प्रकारची बळे काम करतात : एक आडवे, सांध्याला कातरू पाहणारे, दुसरे उभे, घराला उचलू किंवा दाबू पाहणारे. या दोहोंचा मेळ कसा बसतो यावर सारे अवलंबून असते.

शाळेत हे दाखविणे कठीण नाही. शिक्षकांनी गादीच्या फोमची हातभर लांब, जाड पट्टी घ्यावी. तिच्या मधोमध वितभर लांबीचा फोमचाच तुकडा हलक्या गोंदाने चिकटवावा, आणि दोन्हींच्या बाजूंवर शाईने उभ्या रेघा ओढाव्यात. मोठी पट्टी कमानीसारखी वाकवली की रेघांमधील अंतर कोठे वाढते व कोठे घटते हे मुलांना डोळ्यांनी दिसते. आणखी वाकवले की वरच्या तुकड्याची दोन्ही टोके प्रथम सुटू लागतात; मधला भाग शेवटपर्यंत चिकटून राहतो. जहाजाच्या घराची टोके हीच धोक्याची जागा का, याचे उत्तर या एका प्रयोगात मिळते.

या प्रश्नाचे पद्धतशीर गणित विसाव्या शतकाच्या मध्यास मांडले गेले. 1949 मध्ये अमेरिकेत ‘प्रेसिडेंट विल्सन’ या प्रवासी जहाजावर घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत प्रत्यक्ष जहाजावरील ताण मोजण्यात आले होते. त्यानंतर हान्स ब्लाइख यांनी, आणि 1957 मध्ये ब्रिटनमधील कॉल्डवेल व चॅपमन यांनी, धड आणि घर या दोन जोडलेल्या तुळया समजून त्यांचा सिद्धान्त विकसित केला. घर धडाला किती साथ देते हे शेकड्यात सांगण्याची पद्धत यातूनच रूढ झाली. शून्य म्हणजे घर असून नसल्यासारखे; शंभर म्हणजे घर हा धडाचाच एक मजला. बहुतेक जहाजे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. लांब घर अधिक साथ देते, आखूड घर फारच थोडी. कारण भिंतीच्या टोकाशी ताण शून्य असतो आणि तो वर चढून पसरायला काही अंतर लागते.

दोन मार्ग आणि त्यांची किंमत

नौकाबांधणी करणाऱ्यांपुढे यामुळे दोन मार्ग उभे राहिले. पहिला मार्ग घराला भारातून मोकळे करण्याचा. त्यासाठी लांब घर आडवे चिरून त्याचे आखूड तुकडे करीत आणि मधल्या फटीवर सरकता झाकपत्रा बसवीत. यांना प्रसरण-सांधे म्हणतात. 1912 साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’च्या वरच्या घरात असे दोन सांधे होते. ते केवळ वरच्या मजल्यांत होते. खालचे धड अखंड होते. जहाज बुडताना पिछाडी पाण्याबाहेर उचलली गेली आणि धड तुटले, ते त्याच्या ताकदीबाहेरच्या भारामुळे. प्रसरण-सांध्यांतही दोष होतेच. त्यांतून पाणी गळे, आणि फटीच्या तळाशी, जेथे चीर संपून अखंड डेक सुरू होतो, तेथे ताण एकवटे.

दुसरा मार्ग घराला धडाचाच भाग मानण्याचा. मग त्याच्या भिंती जाड कराव्या लागतात, खिडक्या मोजून-मापून ठेवाव्या लागतात, आणि त्याचा प्रत्येक कोपरा हिशेबात घ्यावा लागतो. आजची अनेक मजल्यांची प्रवासी जहाजे याच मार्गाने बांधली जातात. संगणकाच्या साहाय्याने संपूर्ण जहाजाचे लहान-लहान घटकांत विभाजन करून त्यांचा ताण तपासला जातो.

मार्ग कोणताही असो, एक शत्रू दोन्हीकडे समान आहे, तो म्हणजे टोकदार कोपरा. इंग्लंडमधील अभियंते इंग्लिस यांनी 1913 मध्ये गणिताने दाखविले की, पत्र्यातील भोक जितके टोकदार, तितका त्याच्या टोकाशी ताण अनेक पटींनी वाढतो. साध्या गोल भोकाच्या कडेलाही ताण तिप्पट होतो. टोकदार कोपऱ्याशी तो त्याहून कितीतरी अधिक. ‘मॅजेस्टिक’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या प्रवासी जहाजावर नंतर एक लिफ्ट बसविण्यात आली. तिच्यासाठी भार वाहणाऱ्या डेकांत चौकोनी तोंडे कापली गेली. पुढे, प्रवासी घेऊन अटलांटिक ओलांडत असताना, त्यांतील एका कोपऱ्यापासून भेग निघाली, ती डेकावरून कडेपर्यंत गेली आणि जहाजाच्या बाजूने खाली उतरू लागली. सुदैवाने ती एका गोल खिडकीशी येऊन थांबली. चौकोनी कोपऱ्याने जे संकट सुरू केले ते गोल भोकाने रोखले. जहाज सुखरूप बंदरात पोहोचले.

‘स्केनेक्टडी’ या तेलवाहू जहाजाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जहाजे रिवेट न मारता वेल्डिंगने जोडून झपाट्याने बांधली जात होती. 16 जानेवारी 1943 च्या रात्री अमेरिकेतील पोर्टलंड येथे, चाचण्या पूर्ण करून आलेले हे नवेकोरे जहाज शांत पाण्यात उभे होते. वारा नाही, लाट नाही. अचानक प्रचंड आवाज झाला आणि मधल्या घराच्या लगेच मागे डेक फाटला. भेग दोन्ही बाजूंनी जवळजवळ कण्यापर्यंत उतरली. ठिसूळ पोलाद, सदोष वेल्ड आणि जोडणीत अडकून राहिलेला ताण, ही तिची कारणे होती. रिवेटच्या जहाजात पत्रा संपला की भेगही थांबे. वेल्डच्या जहाजात सारे धड म्हणजे एकच पत्रा, त्यामुळे भेगेला अडवणारे काही उरले नाही. ते जहाज पुढे दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रावर गेले, आणि त्यापासून पोलादाचा दर्जा व कोपऱ्यांची गोलाई यांविषयीचे नियम कडक झाले.

हलके घर, नवे प्रश्न

घर हलके करावे म्हणून पोलादाऐवजी ॲल्युमिनियम वापरण्याची प्रथा पुढे आली. 1969 मध्ये प्रवास सुरू करणाऱ्या ‘क्वीन एलिझाबेथ 2’ या जहाजाचे वरचे घर ॲल्युमिनियमचे होते. हा धातू पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा आणि एक-तृतीयांश ताठरपणाचा असतो. धडाबरोबर तेवढेच ताणले गेले तरी त्यावर पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच प्रतिबल येते. हा मोठा फायदा. पण उन्हाने तो पोलादाच्या दुप्पट प्रसरण पावतो, खाऱ्या पाण्यात पोलादाशी थेट संपर्क आल्यास झिजतो, आणि आगीत लवकर शरण जातो. अमेरिकी नौदलाच्या ‘टिकॉन्डरोगा’ वर्गातील 27 युद्धनौकांची घरे या धातूची होती आणि त्यांत मोठ्या संख्येने भेगा पडल्या. 1975 मध्ये ‘बेलनॅप’ या युद्धनौकेचे ॲल्युमिनियमचे घर टकरीनंतरच्या आगीत वितळले होते. त्यानंतर आखलेल्या व 1991 मध्ये सेवेत आलेल्या ‘आर्ली बर्क’ वर्गात पुन्हा पोलादी घर स्वीकारण्यात आले.

गोव्याच्या पाण्यावर

या विषयाचा गोव्याशी संबंध दूरचा नाही. वास्को द गामा येथे 1957 मध्ये सुरू झालेल्या आणि 1967 पासून गोवा शिपयार्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोदीत नौदल व तटरक्षक दलासाठी गस्ती जहाजे बांधली गेली आहेत. गस्ती जहाजाचे घर मध्यभागाजवळ असते, आणि धडाचे वाकणे तेथेच सर्वाधिक असते. म्हणून अशा जहाजात घराची टोके खालच्या आडभिंतींवर येतील, घराच्या उभ्या भिंतींखाली गर्डर असतील, दारे-खिडक्या टोकांपासून दूर राहतील आणि प्रत्येक कोपरा गोल असेल, हे पाहावे लागते.

मांडवी व झुवारी नद्यांतून लोहखनिज वाहणाऱ्या बार्जची रचना याउलट. तिचे घर पिछाडीला आणि आखूड असते. मधला भाग मालासाठी मोकळा राहावा व यंत्र मागे असावे, हे त्याचे मुख्य कारण. परंतु टोकाशी धडाचे वाकणे अत्यल्प असल्याने घर आपोआप सुरक्षित जागी येते, हा मिळणारा लाभही लहान नाही. मासेमारीच्या लहान होड्यांत लांबी कमी असल्यामुळे वाकण्याचा प्रश्न गौण ठरतो. तेथे उंच केबिन बांधल्याने होडी कलंडण्याची भीती अधिक असते.

धोका बहुधा नव्या जहाजात नसतो. तो नंतर केलेल्या बदलांत असतो. मालकाला आणखी एक खोली हवी असते, नळ नेण्यासाठी भिंतीला भोक हवे असते, दार रुंद करायचे असते. गॅसकटरने चौकोनी तोंड कापायला दहा मिनिटे लागतात. तो चौकोन कोठे पडला, घराच्या टोकाशी की मध्यावर, भार वाहणाऱ्या डेकात की साध्या पडद्यात, याचा विचार त्या दहा मिनिटांपूर्वी झाला पाहिजे. नोंदणी झालेल्या जहाजात बदल करण्याआधी सर्वेक्षकाची मान्यता घेण्याचा नियम हा केवळ कागदी उपचार नव्हे. ‘मॅजेस्टिक’वर लिफ्ट बसविणाऱ्यांनाही आपण जहाजाची सोय वाढवीत आहोत असेच वाटले असेल.

औद्योगिक प्रशिक्षण घेऊन गोदीत कामाला लागणाऱ्या तरुणांपर्यंत ही गोष्ट पोहोचणे म्हणूनच अगत्याचे आहे. आराखडा करणारा अभियंता कोपरा गोल काढतो. पण तो कोपरा खरोखर गोल कापणे, कड घासून गुळगुळीत करणे आणि वेल्डमधील लहानशी चीर दिसताच ती न लपवता वरिष्ठांना सांगणे, हे काम कारागिराच्या हातात असते. गोव्याची आणि कोकणची कितीतरी कुटुंबे जहाजांवर नोकरी करणाऱ्या माणसांच्या वाटेकडे डोळे लावून असतात. ती माणसे रात्री ज्या घरात झोपतात त्याचे चारही कोपरे दर लाटेला धडाबरोबर ताणले जातात आणि सैल होतात. ते कोपरे ज्याने कापले त्याचे काम चोख असेल, तरच त्यांना निश्चिंत झोप लागेल.